दुकान टाकण्याआधी खानेसुमारी वाचायची तर

आधी एक कोरा कागद घ्या आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. 'आमच्या पट्ट्यात हार्डवेअरला वाव आहे का' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. 'या बावीस गावांत पुढच्या तीन वर्षांत किती घरांवर पत्रा चढेल, किती घरांवर टाकी बसेल आणि त्याचे पैसे कोण मोजेल' हा प्रश्न. शेवटचा तुकडा गाळू नका. मी गाळला होता आणि त्याचं व्याज भरलं.

मग गावांची यादी करा. नकाशावर दुकानाभोवती गोल काढून गावं मोजू नका, निदान कोकणात तरी. खाडीपलीकडचं गाव गोलात येतं आणि गाडीरस्त्याने तिथे जायला तास लागतो. कुठली एसटी कुठून येते, आठवड्याच्या बाजाराला कोण उतरतं, भाताच्या गिरणीवर कोण येतं, यावरून यादी करा. प्रत्येक गावापुढे त्याचा २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी कोड लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर नंतर रडाल. एकाच तालुक्यात बुद्रुक, खुर्द, 'तर्फे' अमुक असे भाऊबंद असतात आणि नावावरून जुळवायला गेलात की खुर्दचे आकडे बुद्रुकला चिकटतात. आणखी एक, जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. आपण 'गाव' म्हणतो ती वाडी तिथे वेगळी सापडत नाही. डोंगराच्या दोन अंगांना पसरलेल्या आठ वाड्यांची एकच ओळ असते.

आता कागदपत्रं. पहिली जिल्हा जनगणना पुस्तिका, जनगणनेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. तिच्या एका भागात गावनिहाय सोयी असतात: शाळा, दवाखाना, बँक, टपाल, बस, आणि गावात नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पुढे. दुसऱ्या भागात माणसं असतात: कुटुंबं, लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे. याशिवाय घरयादीचे तक्ते वेगळे काढा. छप्पर कौलारू की पत्र्याचं, भिंत कशाची, पाणी कुठून, शौचालय आहे का, दुचाकी आहे का, हे त्यात मिळतं. आम्हा हार्डवेअरवाल्यांसाठी हे तक्ते म्हणजे दिवाळीच. शेवटी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं तुमच्या जिल्ह्याचं 'सामाजिक व आर्थिक समालोचन' घ्या.

कागदं हाताशी आली की लगेच बेरजा मारू नका. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा: हा आकडा कधीचा, आणि यात कोणाला धरलंय. 'साक्षर' म्हणजे सात वर्षांवरचा, कुठल्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकणारा. त्यातून शिक्षण किती झालंय ते कळत नाही. 'मुख्य काम करणारा' म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालेला, त्याहून कमी तो सीमांतिक. पाण्याच्या तक्त्यात 'आवाराजवळ' म्हणजे खेड्यात पाचशे मीटरच्या आत. डोक्यावर हंडा घेऊन पाचशे मीटर चढून बघा, मग 'जवळ' या शब्दाचं काय करायचं ते ठरवा.

तारखेचं तर विचारूच नका. घरयादी २०१० ची, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०११ ची. त्यानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वच्छ भारत, मे २०१६ मध्ये उज्ज्वला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन आलं. म्हणजे शौचालय, गॅस आणि नळ या तिन्ही रकान्यांखालची जमीन सरकली आहे. कुठल्या दिशेला सरकली ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे आकडे फेकून द्यायचे नाहीत, पण त्यांवर माल भरायचा नाही. छपराचा रकाना त्या मानाने सावकाश शिळा होतो. पालघरकडच्या मित्रांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. त्यांचा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे २०११ चे आकडे ठाण्याच्या पुस्तिकेत शोधावे लागतात. ज्या तालुक्याच्या गावांची मधल्या काळात नगरपंचायत झाली, त्यांतली काही जुन्या तक्त्यात अजून 'ग्रामीण'च बसलेली असतात.

आता माझी फजिती. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सगळं राज्य त्याच दहा वर्षांत सोळा टक्क्यांनी वाढलं आणि आमचा जिल्हा आक्रसला. दर हजार पुरुषांमागे बायका ११२२. हे मी वाचलं होतं, पाठही होतं. तरी माझ्या गावांच्या यादीत एकूण कुटुंबं धरली, त्यातली नळ नसलेली काढली, आणि टाक्यांचा माल डिसेंबरातच गोदामात आणून रचला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. गिऱ्हाईक येई ते नळाची चावी आणि टेफ्लॉन टेप घेऊन जाई. एका आजींना टाकी दाखवली तर त्या म्हणाल्या, "आमका दोघांका कित्याक इतक्या पानी? झील मे म्हयन्यात येतलो, तेका इचार." (झील म्हणजे मुलगा.) मालवणी मुलखातून लग्न होऊन आलेल्या त्या आजींनी माझ्या अख्ख्या हिशेबाची चूक एका वाक्यात सांगितली.

फेब्रुवारीत जो गावात झोपतो तो गावात मोजला जातो. नियमच तसा आहे: मोजणीच्या त्या दिवसांत, म्हणजे ९ ते २८ फेब्रुवारीत, माणूस आपल्या नेहमीच्या ठिकाणी थोडा वेळ जरी असला तरी तिथे धरायचा, आणि पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. चाकरमान्याचं नेहमीचं ठिकाण मुंबई. खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्यासुद्धा त्या दशकात घटली, कारण चाळीतली माणसं विरार, दिवा, बदलापूरकडे सरकत राहिली, आणि ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सगळ्यात मोठा जिल्हा ठरला. म्हणजे छप्पर रत्नागिरीच्या तक्त्यात आणि ते दुरुस्त करणारा खिसा ठाण्याच्या तक्त्यात. टाक्या विकल्या गेल्या, पण वीस एप्रिलनंतर. चार महिने रोख क्रेडिटचं, म्हणजे मालासाठी बँकेकडून उचललेल्या पैशांचं, व्याज चाललं होतं.

तेव्हा तयारीतला हा मुद्दा जाड रेघेने लिहा: मोजणी झाली त्या महिन्यात माझं गिऱ्हाईक कुठे होतं? हे फक्त आमचं दुखणं नाही. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतो, तो गाळप संपल्यावर परततो. फेब्रुवारीत तो कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतो, आणि वरच्या नियमाने तिथेच मोजला जाण्याची शक्यता. पाटोदा किंवा शिरूर कासारला किराणा टाकणाऱ्याने गावची लोकसंख्या बाराने गुणून वर्षाचा खप काढला तर फसेल. उलटही होतं. गावात आश्रमशाळेचं वसतिगृह असेल तर गावची लोकसंख्या तिथल्या पोरांनी फुगलेली दिसते, आणि तो आकडा बघून कोणी तिथे दुकान काढायचं मनात आणतं. (पाकिटात दहा रुपये असलेली ती पोरं, त्यांचे आईबाप दोन तालुके पलीकडे.)

खर्चाचा अंदाज हवा असेल तर घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण आहे. २०२३-२४ मध्ये देशभरात ग्रामीण माणशी महिना सरासरी ४,१२२ रुपये, शहरी ६,९९६. ग्रामीण खर्चातला साधारण ४७ टक्के भाग खाण्यावर. हे आकडे सुमारे २ लाख ६२ हजार कुटुंबांच्या नमुन्यावरून काढलेत. ऐकायला प्रचंड वाटतं, पण देशभर पसरल्यावर तुमच्या तालुक्याच्या वाट्याला त्यातली मोजकीच कुटुंबं येतील, म्हणून त्यातून तालुक्याचा आकडा काढायला जाऊ नका. आणखी एक खाच आमच्या धंद्यातल्यांसाठी: नवं घर बांधायचा खर्च या उपभोगात धरत नाहीत, ती गुंतवणूक समजली जाते. सिमेंट विकणाऱ्याने ४,१२२ मधून आपला वाटा शोधणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. जिल्ह्यापुरतं काही ताजं हवं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्हापत्रक बघा. नाव आरोग्याचं, पण शौचालय, वीज आणि इंधन त्यात आहे.

मग चपला घाला. दोन-तीन गावं निवडा, एक रस्त्यालगतचं, एक आतलं. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, त्यातली घरांची एकूण संख्या विचारा. २०११ च्या कुटुंबसंख्येशेजारी ती ठेवा. फरक मोठा निघाला तर तो नव्या घरांचा, की दोन भावांत विभागलेल्या एकाच घराचा, ते वाडीत फिरून बघा. कुलपं मोजा. मी संध्याकाळी साडेसातला फिरायचो आणि दिवे मोजायचो. कुलूप गंजलेलं की तेल दिलेलं, पडवी शेणाने सारवलेली की नाही, यावरून घर सोडलेलं आहे की नुसतं बंद आहे ते समजतं. गंजलेल्या कुलपाकडून कधी ऑर्डर येत नाही. तेल दिलेलं कुलूप दरवर्षी दोनदा येतं, मे महिन्यात आणि गणपतीला.

नावानिशी यादी मात्र मागू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याने एकेका माणसाची माहिती गुप्त असते. 'जनगणनेतली नावांची यादी आहे' म्हणून कोणी पेनड्राइव्ह विकायला आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

एवढं झालं की एक्सेलमध्ये एक पान करा. पहिल्या रकान्यात गावाचा कोड, तोही मजकूर म्हणून, नाहीतर एका पानावर कोड आकडा म्हणून आणि दुसऱ्यावर मजकूर म्हणून बसतो आणि जुळणी फिसकटते. मग २०११ ची कुटुंबं, आजची घरं, दिवा लागलेली, तेल दिलेली कुलपं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तिच्यासाठी आत्ताच एक रकाना मोकळा ठेवा. आणि त्याच्याही पुढचा रकाना मी आता प्रत्येक गावापुढे ठेवतो: मुंबईहून माणसं कुठल्या गाडीने येतात आणि कधी. यंदाचा टाक्यांचा माल मी त्या रकान्याकडे बघून दहा एप्रिलला मागवला.