गल्लीतल्या बाईचा सत्कार करायचा, तर आधी तिच्याकडे दोनदा जा

माझं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेलं. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक सत्काराची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि आजवर असे अकरा कार्यक्रम झाले. पहिल्या वर्षी रस्ते झाडणाऱ्या एका मावशींचा सत्कार ठेवला होता. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. तेवढ्या वेळात मावशी तीनदा उठून माझ्याकडे आल्या, "बाई, नळाचं पाणी येऊन जाईल वो." शेवटी त्या घरी गेल्या, आणि आम्ही रिकाम्या खुर्चीपुढे मानपत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी शाल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चहा दिला आणि माझीच समजूत काढली.

तेव्हापासून कार्यक्रमाची प्रत्येक गोष्ट मी त्या बाईच्या दिवसाकडे बघून ठरवते. आता बऱ्याच पेठांत, गावांत, बचत गटांत असे सत्कार होतात. मला विचारायला येणाऱ्या मुलींना जे सांगते, तेच इथे लिहिते.

बाई शोधायची कशी

अर्ज मागवू नका. अर्ज मागवले की ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांचेच येतात. अध्यक्षांच्या जाऊबाई किंवा देणगीदाराच्या पत्नी यांची नावं सुचवली गेली, तर "त्यांचा मान आपण वेगळा ठेवू" असं पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. नंतर ते सांगणं अवघड होतं.

आम्ही एक वही घेऊन फिरतो. रेशन दुकानदार, औषधाचं दुकान, शाळेतले शिपाई, आशाताई, दूध घालणारे दादा यांना भेटतो. त्यांना "चांगलं काम करणारी बाई कोण?" असं विचारलं की सगळे विचारात पडतात. म्हणून आमचे दोनच प्रश्न ठरलेले आहेत. पहिला: रात्री दोन वाजता घरात अडचण आली, तर तुम्ही कुणाचं दार वाजवता? दुसरा खास आपल्या कोल्हापूरचा: पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की कुणाच्या सांगण्यावरून घर सोडता?

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण आकडा कळला म्हणून माणूस घर सोडत नाही. म्हातारी हटून बसते, म्हशीला कुठं नेऊ म्हणून घरमालक अडून बसतो. अशा वेळी एखादी बाई दारात उभी राहून म्हणते, "आत्या, उठा, मी पण निघालेय," आणि अख्खी गल्ली उठते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत अशा बायका मी डोळ्यांनी पाहिल्या. त्यांच्याकडे कसलंही पद नव्हतं. लोक ज्यांच्या शब्दावर आपलं घर सोडतात, त्यांच्या नेतृत्वाला वेगळा पुरावा लागत नाही.

तीन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच नाव घेतलं, की ते वहीत पक्कं करायचं. एका वर्षी तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका. पंचवीस जणींना रांगेत उभं करून शाली वाटल्या, तर एकीचीही गोष्ट कुणाला आठवत नाही.

गावात हा कार्यक्रम करत असाल, तर महिला सरपंच आणि सदस्यांकडे जरूर बघा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना पन्नास टक्के जागा आहेत. फोन बऱ्याचदा नवरा उचलतो आणि "मी सांगतो त्यांना" म्हणतो. अशा वेळी नम्रपणे सांगायचं, "दादा, बोलायचंय ते ताईंशीच," आणि थांबायचं.

दोन भेटी

पहिल्या भेटीला वही न्यायची नाही. निवड झाल्याचं सांगायचं आणि तिला हे हवंय का, ते विचारायचं. दहातल्या नऊ जणी म्हणतात, "मी काय केलंय वो?" हा नकार नसतो. पण खरा नकार आला तर तो मानायचा. मारहाण सोसून घराबाहेर पडलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या एका ताईंनी आम्हाला सांगितलं, की माझा फोटो छापून आला तर त्या मुलींचा माग लागेल. आम्ही त्यांचं नाव कुठंही घेतलं नाही. मंडळाच्या चौघी त्यांच्या घरी गेलो, एकत्र जेवलो आणि मुलींसाठी लागणारी औषधं देऊन आलो. तोही सत्कारच होता.

दुसरी भेट तिच्या कामाच्या जागी, कामाच्या वेळी. अंगणवाडीताईंना अंगणवाडीत भेटलं की वजनकाटा, मुलांच्या नोंदींची रजिस्टरं, खिचडीचं पातेलं सगळं समोर असतं, आणि प्रश्न आपोआप सुचतात. किती वर्षं? सुरुवात कशी झाली? पहिला विरोध कुणी केला? घरात कुणी साथ दिली? कोणत्या दिवशी वाटलं की आता सोडून द्यावं? या शेवटच्या प्रश्नाला घाई करू नका. मानपत्रातली सगळ्यात खरी ओळ इथेच मिळते.

मानपत्र

शिक्षिका असल्यामुळे असेल, पण माझा सगळा जीव या भागात आहे. शाल कपाटात जाते, ट्रॉफी टीव्हीवर धूळ खाते. मानपत्र मात्र नात वाचते.

आमचं जुनं मानपत्र असं असायचं: "आपण समाजकार्याचा अखंड तेवणारा नंदादीप असून आपल्या कार्याचा सुगंध सर्वदूर दरवळत आहे." हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. रणरागिणी, नवदुर्गा, हिरकणी या शब्दांचंही तसंच. आता आम्ही असं लिहितो: "पाणी चढत होतं त्या रात्री आपण गल्लीतल्या चार बाळंतिणींची नावं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिली. बोट यायच्या आधी चौघींना शाळेत पोचवलं. चार बाळं सुखरूप राहिली. आपलं स्वतःचं धान्य मात्र भिजलं." यात विशेषण शोधून सापडणार नाही. सभागृहात हे वाचलं तेव्हा त्या चौघींपैकी एक जण मुलाला घेऊन उठून उभी राहिली.

दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. एक प्रसंग, एक आकडा, तिचं स्वतःचं एक वाक्य. तिची बोली सुधारायला जाऊ नका. ती "न्हाई" म्हणाली असेल तर "न्हाई"च लिहा. छापण्याआधी तिला वाचून दाखवा. एकदा एका ताईंनी मला थांबवून सांगितलं, "बाई, ते नवऱ्याच्या दारूचं काढा. पोरगी कॉलेजला जाते." मी ते लगेच काढलं. तिच्या आयुष्यातलं काय लोकांपुढे यावं, हे तीच ठरवणार.

आणि नाव. नावाआधी सौ., श्रीमती, कु. यातलं काहीही छापू नका. नवरा आहे की नाही, हे पत्रिकेतून जाहीर करायचं कारणच काय? सासरचं आडनाव लावायचं, माहेरचं लावायचं की नुसतं स्वतःचं आणि आईचं नाव, ते तिला विचारून तिच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. छापखान्यात तोच कागद द्या.

हळदी-कुंकवाचं ताट

हे लिहिताना आजही घशाशी येतं. तिसऱ्या वर्षी आम्ही एका काकूंचा सत्कार केला. घरोघरी भाकऱ्या करून दोन मुलं शिकवलेली, आणि वस्तीतल्या कुणाचंही मयत झालं की पहिली धावून जाणारी बाई. कार्यक्रमाच्या शेवटी रिवाजाप्रमाणे हळदी-कुंकवाचं ताट फिरलं. व्यासपीठावर सत्कारमूर्ती म्हणून बसलेल्या काकूंपाशी आलं आणि त्यांना ओलांडून पुढे गेलं. काकू विधवा होत्या. त्यांनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती. ताट आमच्याच मंडळाच्या मुलीच्या हातात होतं. ती मुद्दाम वागली नाही, तिला तसंच शिकवलेलं होतं.

त्या रात्री मला इंदुमतीदेवी आठवल्या. राजर्षी शाहू महाराजांची ही सून १९१८ मध्ये विधवा झाली, तेव्हा तिचं वय अवघं अकरा वर्षांचं होतं. महाराजांनी तिला वाड्यात कोंडून ठेवलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबत शिकायला मुली ठेवल्या. ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी हे झालं, त्या गावात आम्ही सत्कारमूर्तीला ओलांडून ताट पुढे नेत होतो. पुढे मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आमचा नियम आता असा आहे: ताट फिरवायचं तर ते प्रत्येक बाईपुढे न्यायचं, आणि पहिलं सत्कारमूर्तीपुढे. कुंकू घ्यायचं की नाही, ते तिने ठरवायचं. कुणी मुसलमान, ख्रिश्चन किंवा बौद्ध ताई असेल तर आधीच विचारून ठेवायचं. कुणाला हे सगळंच नको वाटलं तर गुलाबाचं फूल आणि तिळगूळ पुरतो. ओटीचं तसंच. हे सगळं ताट धरणाऱ्या मुलींना आदल्या दिवशी समोर बसवून सांगा. ऐन वेळी डोळ्यांनी खुणावून भागत नाही.

दिवस, वेळ, व्यासपीठ

८ मार्चला सभागृहं मिळत नाहीत, आणि गावातल्या त्याच चार जणींना पाच-पाच ठिकाणी बोलावलेलं असतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, ती आम्हाला जास्त मानवते. ३१ मे ही अहिल्यादेवींची जयंती, पण शेतात राबणाऱ्या बायका तेव्हा पेरणीच्या तयारीत असतात. २६ जूनची शाहू जयंती मनाला जवळची, मात्र तेव्हा पाऊस.

वेळ तिला विचारा. पाण्याची वेळ, मुलांची शाळा सुटायची वेळ, धारेची वेळ. रोजावर जाणाऱ्या बाईचा खाडा पडत असेल तर त्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं रिक्षाभाडं पाकिटात घालून आदल्या दिवशी घरी द्या. व्यासपीठावर पाकीट देऊ नका. फोटोत पाकीट दिसलं की बाई संकोचते.

दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन चांगलं आहे, पण गर्दी शंभरावर जाणार नसेल तर तालमीचा हॉल किंवा सरळ तिची गल्ली घ्या. गल्लीत मांडव घातला की सासूबाई, शेजारणी, कामाला जाणाऱ्या मैत्रिणी सगळ्या येतात. त्यांच्यादेखत झालेला मान तिला पुढची वर्षं पुरतो.

मधल्या खुर्चीवर सत्कारमूर्ती. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर ते समोरच्या पहिल्या रांगेत. ते उशिरा आले तरी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू. आता आम्ही मागच्या वर्षीच्या सत्कारमूर्तीलाच पाहुणी म्हणून बोलावतो, शाल तीच घालते. भाषण करायला लावण्याऐवजी शेजारी बसून चार प्रश्न विचारा. माइक समोर आला की घाबरणारी बाई गप्पांत छान खुलते.

फेटा हवा असेल तर फेटेवाल्यांना तासभर आधी बोलवा. केसांच्या अंबाड्यावर नीट बसवायला वेळ लागतो. कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या सत्तरीच्या एका आजींना भगवा फेटा बांधला, तेव्हा त्यांनी आरसा मागितला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कावळा नाक्यावरच्या ताराराणीगत दिसतंय की."

भेटवस्तू काय हवी, तेही विचारा. आशाताईंनी चांगला रेनकोट आणि बॅटरी मागितली. भिशी चालवणाऱ्या ताईंनी हिशेबासाठी कॅल्क्युलेटर. एकीने शिलाई मशिनची दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी

मानपत्राची लॅमिनेट केलेली एक प्रत तिला, एक तिच्या मुलांच्या शाळेला, एक मंडळाच्या रजिस्टरला. रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे "पुढे काय झालं" असा रकाना ठेवा. कारण गप्पांत तिने एखादी अडचण सांगितलेली असतेच: अंगणवाडीला नळ नाही, वळणावरचा दिवा बंद आहे. त्या अडचणीचा अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर करा, वॉर्ड ऑफिसमध्ये द्या, पोच घ्या आणि तिच्यावरचा आवक क्रमांक त्या रकान्यात लिहा. आमच्या रजिस्टरमध्ये असे सात अर्ज मार्गी लागले आहेत. गेल्या वर्षीच्या अंगणवाडीच्या नळाचा रकाना अजून कोरा आहे, त्यासाठी गुरुवारी आम्ही तिघी पुन्हा जाणार आहोत.