एकोलिंक बसवताय? आधी राउटरचा वॅन पत्ता बघा

एकोलिंक म्हणजे हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, स्टेशनं इंटरनेटवरून जोडणारा प्रोग्रॅम. त्यात लॉगिन झालं, स्टेशनांची यादी आली, म्हणजे काम झालं असं समजू नका. यादी टीसीपी या पद्धतीने ५२०० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या दारावरून, येते. ती आपल्याच संगणकाने मागितलेली असते, म्हणून राउटर तिला अडवत नाही. आवाज मात्र यूडीपी या दुसऱ्या पद्धतीने ५१९८ आणि ५१९९ पोर्टवरून येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मी तीन आठवडे त्यात घालवले. संगणकाला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवला, दोन्ही पोर्ट त्याच्याकडे वळवले, फायरवॉलमध्ये परवानगी दिली. तरी ९९९९ या, आपलाच आवाज परत ऐकवणाऱ्या चाचणी नोडला (स्टेशनला) जोडायला गेलं की टाइमआउट. रोज रात्री तेच आकडे खोडून पुन्हा भरायचो. चूक त्या पानावर नव्हतीच.

राउटरचं स्टेटस पान उघडा आणि वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, कागदावर लिहून घ्या. मग बाहेरून तुमचा कोणता आयपी दिसतो ते ब्राउझरमध्ये तपासा. दोन्ही सारखे असतील तर पुढे चला. वेगळे असतील तर तिथेच थांबा, पोर्टच्या पानाला हात लावू नका. माझा वॅन पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते सेवादात्यांच्या सीजीनॅटसाठी, म्हणजे त्यांच्या बाजूच्या पत्ता-वाटपासाठी, राखीव आहेत. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला, आणि माझ्या राउटरच्या पलीकडे आणखी एक नॅट (पत्ते बदलून देणारी यंत्रणा), ज्याच्या सेटिंगपर्यंत माझा हात पोचतच नाही. बाहेरून आलेलं पॅकेट माझ्या दारापर्यंत येणार कसं? वॅनवर १९२.१६८ दिसलं तर बहुधा मोडेमच नॅट करतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो नॅट न करता पत्ता थेट राउटरकडे जाऊ देईल.

‘डीएमझेड लाव, सुटशील’, म्हणजे बाहेरून येणारं सगळं एकाच संगणकाकडे वळव, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. सीजीनॅटमागे त्याचा उपयोग शून्य, आणि सार्वजनिक पत्ता असेल तर अख्खा संगणक उघड्यावर येतो. स्टेटस पान न बघता सल्ला देणारा कितीही जुना हॅम असो, त्याचा सल्ला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

घाबरू मात्र नका, तुमच्या रेडिओत किंवा इंटरफेसमध्ये दोष नाही. सेवादात्याकडे सार्वजनिक आयपी मागा; तो बदलता असला तरी एकोलिंकला चालतो. मिळालाच नाही तर सेटअपमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, निवडा. मग सगळी वाहतूक टीसीपीवरून, बहुतेक वेळा ८१०० पोर्टने, बाहेर जाते आणि राउटरमध्ये काहीच बदलावं लागत नाही. एका प्रॉक्सीवर एका वेळी एकच स्टेशन बसतं, त्यामुळे चोवीस तास लिंक चालवायची असेल तर स्वतःची प्रॉक्सी उभारा.

मी प्रॉक्सी लावून ९९९९ ला जोडलं, पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून कॉलसाइन, म्हणजे माझी रेडिओवरची ओळख, सांगितला, बटण सोडलं. क्षणभर शांतता, आणि मग स्पीकरमधून माझाच आवाज परत आला.