जुन्या मालट्रकचा फोटो कसा वाचायचा: साल, मेक आणि मालक ओळखण्याची रीत

घरातल्या ट्रंकेत किंवा बंद पडलेल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या भिंतीवर हार घातलेल्या ट्रकचा फोटो सापडतो. मागे काही लिहिलेले नसते. तरी ट्रक कोणता, कुठल्या काळातला, कुणाच्या नावावर चालायचा, हे बरेचसे फोटोच सांगतो. नियम एकच: फोटो त्यातल्या सगळ्यात नव्या गोष्टीपेक्षा जुना असू शकत नाही. ट्रकचे वय, रंगकामाचे वय आणि फोटोचे वय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांची फसगत हे तीन एकत्र करण्यातच होते.

आधी चांगला स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतो, लहान प्रिंटला १२०० घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, इमल्शन (चित्र धरणारा थर) काचेवरच राहते. काचेसकट तिरक्या उजेडात कॅमेऱ्याने टिपा. निगेटिव्ह असेल तर उलटी ठेवलेली नाही ना, हे नंबरप्लेटवरून तपासा. कृष्णधवल फोटोत लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात, म्हणून रंगाबद्दल ठाम बोलू नका. मागे नोंद करायची तर मऊ पेन्सिलीने. लॅमिनेशन कधीही नाही.

आता मेक, म्हणजे ट्रक कोणत्या कंपनीचा. केबिनवरून ट्रक ओळखायला जाऊ नका. कंपन्या बहुतेक काउल (बोनेट आणि त्यामागचा पुढचा भाग) आणि चॅसी (खालचा सांगाडा) विकत, केबिन आणि हौदा (माल भरायचा भाग) गावोगावचे बॉडीबिल्डर लाकूड-पत्र्यात बांधत. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन ट्रक सख्खे भाऊ वाटत नाहीत. बघायचे ते बोनेट, जाळी, पुढचे मडगार्ड आणि पुढचा आस (ॲक्सल) बंपरपासून किती मागे आहे ते.

गोल नाकाचे लांब बोनेट आणि त्यावर तीन टोकांचा तारा असेल तर टाटा-मर्सिडीज. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझचा करार १९५४ चा, जमशेदपूरचा. तो १९६९ ला संपला आणि ताऱ्याची जागा टाटांच्या ‘टी’ने घेतली. १२१० असे मॉडेलचे नाव डाइम्लरच्या पद्धतीचे: पहिले दोन आकडे साधारण एकूण वजन टनांत, पुढचे दोन अश्वशक्ती दहाच्या पटीत. पण ताऱ्यावर आंधळा विश्वास नको. मालकांना तारा इतका प्रिय होता की तो काढून नव्या गाडीवर बसवलेला दिसतो. उलटही होते, जुन्या गाडीची जाळी बदलताना ‘टी’ येतो.

डॉज, फार्गो किंवा डिसोटो असे नाव दिसले तर गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची असण्याची शक्यता मोठी. तिन्ही नावे क्रायस्लर घराण्यातली, ट्रक मुळात तेच. तेव्हा बिल्ला वाचल्याशिवाय ‘फार्गोच आहे’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. लेलँडचा कॉमेट मद्रासचा, बेडफर्ड हिंदुस्तान मोटर्सची. मात्र त्याआधी शेवर्ले आणि बेडफर्डची जुळणी मुंबईत जनरल मोटर्सही करत होती, १९५४ पर्यंत.

नंबरप्लेट हा सगळ्यात भक्कम पुरावा आणि सगळ्यात मोठा सापळाही. १९८९ मध्ये एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१२ पुणे ही पद्धत आली. त्याआधी तीन अक्षरे आणि चार आकडे. १९६० आधीच्या मुंबई राज्याचे नंबर बीएम, बीवाय अशा अक्षरांनी सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर एमआर, एमएम, एमटी, एमएच वगैरे. ‘एम’ दिसला की महाराष्ट्र, असे मात्र नाही: एमवाय म्हैसूर, एमएस आणि एमडी मद्रास, एमपी मध्य प्रदेश. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात, म्हणून नागपूरच्या किंवा औरंगाबादच्या जुन्या गाडीला परका नंबर असणे नवल नाही. गोव्याच्या गाडीचा नंबर तेव्हा जीडीने सुरू होई. ट्रक दुसऱ्या राज्यात विकला की नंबर बदलायचा. म्हणून नंबर सांगतो तो या नोंदणीचा काळ, गाडीचा जन्म नव्हे. मालवाहू गाडीची पाटी आधी पांढरी आणि अक्षरे काळी असत, पिवळी पाटी नंतरची.

दार आणि हौद्याची डावी बाजू भिंगाखाली बघा. मालकाचे नाव-पत्ता, यू.डब्ल्यू. (रिकाम्या गाडीचे वजन), आर.एल.डब्ल्यू. (मालासकट मंजूर वजन), आसांवरचे वजन, टायरचा आकार हे सगळे रंगवावे लागे. वजने पौंडांत असतील तर मेट्रिकच्या आधीची रंगणी, किलोत असतील तर १९६० च्या आसपास किंवा नंतरची. दोन आसांच्या गाडीवर १८५०० किलो दिसले तर ही मर्यादाच २०१८ ची, म्हणून तो फोटो त्यानंतरचा, कुणी ‘आजोबांचा ट्रक’ म्हणो.

पत्त्यात ‘मुंबई-९’ असेल तर पिनकोडच्या आधीची सवय. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यानंतर तेच ४००००९ झाले. पेंटर लोक जुना पत्ता पुढे दहा वर्षे तसाच गिरवत, म्हणून पिनकोड असणे हा पुरावा, नसणे हा नाही. ‘नॅशनल परमिट’ (परराज्यांत माल नेण्याचा परवाना) दिसले तर १९७५ नंतरचा. १९८९ च्या केंद्रीय नियमांत हे शब्द ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात आणि हौद्याला ३० सेंटिमीटरची पांढरी किनार सांगितली आहे. हे वर्तुळ कृष्णधवल फोटोतही सुटत नाही.

दारावर ठळक अक्षरांत ट्रान्सपोर्ट कंपनीचे नाव असले तरी ट्रक कंपनीचा असेलच असे नाही. हुंडेकरी (मालवाहतुकीचा धंदा करणारे) स्वतःच्या दोन-चार गाड्या ठेवून बाकी अटॅच, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या, लावत. मालकाचे खरे नाव बारीक अक्षरात खाली असते. ताडपत्रीवरचे नाव तर मुळीच धरू नका, ती उसनी असायची.

कंपनी शोधायची तर बिल्टी (माल पाठवल्याची पावती) शोधा. भाड्याच्या रकान्यात रुपये-आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची छपाई, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. वजन मणात की किलोत, तेही बघा. मागे बारीक छापात १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टचा उल्लेख असतो, त्याची जागा २००७ च्या कायद्याने घेतली आणि तो २०११ मध्ये लागू झाला. इंग्रजी शिक्क्यात ‘पूना’ की ‘पुणे’ हेही उपयोगी. छापील पुस्तके मात्र संपेपर्यंत वापरली जात, आणे खोडून वर पैसे लिहिलेल्या बिल्ट्या सर्रास मिळतात. तारीख हाताने लिहिलेलीच धरा.

जुन्या ड्रायव्हर-किन्नरांना (किन्नर म्हणजे क्लीनर) ‘कुठलं साल?’ विचारून उपयोग नाही, अंदाजे उत्तर मिळते. ‘काका, ही गाडी घेतली तेव्हा पानशेत फुटलं होतं का?’ असे विचारा. पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मग बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. गाडी या खुंट्यांच्या मध्ये कुठे बसते ते माणूस बिनचूक सांगतो. ‘आधी तारा होता की टी?’ हेही विचारा.

आता सगळे जुळवून बघा. समजा नंबर एमआरने सुरू होतो, बोनेटवर तारा, दारावर ‘मुंबई-९’, वजने किलोत आणि हौद्यावर नॅशनल परमिट. ट्रक बहुधा साठच्या दशकातला, दाराचा मजकूर बहात्तरच्या आधीचा किंवा जुन्यावरून गिरवलेला, आणि फोटो १९७५ नंतरचा. पाठीमागे लिहायचे ते असे: ‘टाटा-मर्सिडीज, अंदाजे १९६०-६९, फोटो १९७५ नंतर, आधार: तारा, परमिट.’ आधार लिहायला विसरू नका, उद्या दुसरा फोटो सापडला की तो तपासता येतो.