फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सची उदाहरणं सोडवताना या चुका टाळा

नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल एलईडी. रेझिस्टर किती ओहमचा लावायचा, एवढाच प्रश्न. एका विद्यार्थिनीने वहीत मांडलं: एलईडीवर २ व्होल्ट पडणार, उरले ७, करंट हवा १५ मिलीअँपिअर. ७ भागिले १५, उत्तर ०.४७. मग मला विचारलं, "सर, अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मिळतो का हो?"

ओहमचा नियम (व्होल्टेज = करंट × रोध) तिला येत होता. सूत्र आणि भागाकारही बरोबर होता. फक्त १५ च्या पुढचा 'मिली' वाटेत सांडला होता. १५ मिलीअँपिअर म्हणजे ०.०१५ अँपिअर, त्यामुळे रेझिस्टर हवा सुमारे ४६७ ओहमचा. बाजारात जवळचा मिळतो तो ४७० चा. रेझिस्टरची किंमत त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात, याचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. तिने काढलेला लावला असता तर एलईडी क्षणात उडाला असता.

अशा वह्या मी वर्षानुवर्षं तपासतोय. पहिल्या वर्षाला अडणाऱ्या मुलांच्या बहुतेक चुका फिजिक्सच्या नसतात, आठवी-नववीच्या गणिताच्या असतात. मुलं मात्र "आपल्याला फिजिक्स जमत नाही" म्हणून हाय खातात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण या चुका आठवडाभराच्या सरावाने जातात.

एकक शेवटच्या ओळीपुरतं लिहिणं

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. आकडे मांडायचे, गणित करायचं आणि शेवटी आठवेल ते एकक चिकटवायचं, ही सवय आधी मोडा. प्रत्येक ओळीत आकड्याशेजारी एकक लिहा. वर त्या मुलीने '७ व्होल्ट भागिले १५ मिलीअँपिअर' असं लिहिलं असतं, तर तिचं ०.४७ चक्क बरोबर होतं, पण किलोओहममध्ये. व्होल्टला मिलीअँपिअरने भागलं की किलोओहम येतात, हे एकदा डोक्यात बसलं की इलेक्ट्रॉनिक्सची निम्मी उदाहरणं तोंडी सुटतात.

वेगाचंही तसंच. ताशी ७२ किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करत थांबते, तर किती अंतरात? ७२ ला ५/१८ ने गुणलं की २० मीटर प्रतिसेकंद. वेगाचा वर्ग ४००, भागिले ५ ची दुप्पट म्हणजे १०, उत्तर ४० मीटर. ७२ तसेच ठेवले तर येतात ५१८ मीटर. ब्रेक दाबल्यावर गाडी अर्धा किलोमीटर घसरत जाईल का, एवढं स्वतःला विचारलं तरी चूक तिथेच सापडते.

त्याहून फसवं प्रकरण क्षेत्रफळाचं. इलेक्ट्रिशियन 'दीड एमएमची वायर' म्हणतात तेव्हा ती दीड चौरस मिलिमीटर असते. मिलिमीटरचा मीटर करताना हजाराने भागतात, पण चौरस मिलिमीटरचा चौरस मीटर करताना दहा लाखांनी. अशा २० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२३ ओहम येतो. हजारानेच भागणाऱ्याला तो ०.०००२३ मिळतो, आणि त्याच्या हिशेबात लांब वायरवर व्होल्टेज कधी पडतच नाही.

समांतर जोडणीत उलटं करायचं विसरणं

४ ओहम आणि ६ ओहम समांतर. एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश म्हणजे ५/१२, म्हणजे ०.४२, आणि तेच उत्तर म्हणून लिहिलं जातं. उलटं केल्यावर खरं उत्तर येतं २.४ ओहम. "समांतर जोडणीचा रोध सगळ्यात लहान रोधापेक्षा कमी असतो" हा ताळा मुलांना माहीत असतो, पण ०.४२ सुद्धा ४ पेक्षा कमीच आहे, म्हणून तो इथे फसतो. मी दुसराही ताळा देतो: दोनच रेझिस्टर असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्याहून कमी येऊच शकत नाही. इथे ते २ आणि ४ च्या मधेच हवं.

'गुणाकार भागिले बेरीज' हे सूत्र दोघांपुरतंच आहे. ६ ओहमचे तीन रेझिस्टर त्यात घातले तर १२ येतात. खरं उत्तर २.

त्रिकोणावर विसंबणं

व्होल्टेज वर, करंट आणि रोध खाली, हवं ते बोटाने झाका. हा त्रिकोण सुरुवातीला बरा वाटतो, पण पॉवर = करंटचा वर्ग × रोध आलं की हात टेकतो. पाव वॉटचा १०० ओहमचा रेझिस्टर किती करंट सोसेल? ०.२५ भागिले १०० म्हणजे ०.००२५, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. वर्गमूळ राहिलं! ते घेतलं की ०.०५ अँपिअर, म्हणजे ५० मिलीअँपिअर. त्रिकोण सोडा. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करत जा, दोन ओळी जास्त लागल्या तरी चालतील.

कॅल्क्युलेटरवर डोळे मिटून विश्वास

१० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरची ५० हर्ट्झच्या एसी करंटला होणारी अडवणूक म्हणजेच रिअ‍ॅक्टन्स सुमारे ३१८ ओहम. पण कंस न घालता '१ ÷ २ × पाय × ५०…' असं टाइप केलं की ०.०००७९ दिसतं, कारण यंत्र फक्त २ ने भागतं आणि पुढचं सगळं गुणत जातं. छेद पूर्ण कंसात घाला. 'एक्स्प' बटणातच 'गुणिले दहाचा घात' असतो, त्यामुळे दहाचा उणे सहावा घात हवा असेल तर आधी १ दाबायचा. १० दाबले की तो आकडाच दहापट होतो. आणि पेपर सुरू होताच साइन ३० काढा. ०.५ आलं नाही तर यंत्र अंशांमध्ये नाही.

उत्तरात ४६६.६६६७ ओहम असंही लिहू नका. सोनेरी पट्ट्याचा ४७० चा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतो, म्हणजे ४४६.५ पासून ४९३.५ पर्यंत कुठेही. ४६७ पुरे.

उत्तर जुळत नसेल तर सूत्राकडे सगळ्यात शेवटी या. आधी एककं पाहा, मग दहाचे घात, मग कंस. आणि यंत्र हातात घेण्याआधी अंदाज बांधा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा आणि दीडचे पाढे) पाठ असायच्या, त्यामुळे उत्तर कुठे पडणार हे त्यांना आधीच दिसायचं. त्या मुलीला मी तेच करायला लावलं: १५ मिलीऐवजी १० मिली धर, ७ व्होल्ट, किती? तिने बोटाने हवेत शून्यं मोजली आणि म्हणाली, "सातशे. म्हणजे सर, माझं उत्तर चारपाचशेच्या आसपास यायला हवं होतं."