टीएफए वापरताय? मग या चुका टाळा

आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातली कितीतरी मराठी मुलं एमेस्सी झाली की मकरपुरा नाहीतर नंदेसरीकडच्या लॅबमध्ये लागतात, आणि सुरुवातीला बरेच जण ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड (टीएफए) म्हणजे व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचंच भावंड समजून हाताळतात. तसं नाहीये हो. तीन हायड्रोजनच्या जागी तीन फ्लोरिन बसले की स्वभावच बदलतो, अ‍ॅसेटिकचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र) ४.७६ तर ह्याचा १ च्याही खाली, म्हणजे हजारो पट तीव्र, आणि उकळतं ७२ अंशालाच, त्यामुळे बाटली उघडली की धूर नाकात. धूर ओढून घेणारा फ्यूम हूड चालू केल्याशिवाय झाकण फिरवूच नका, आणि पातळ नायट्राइल ग्लोव्हजवर थेंब पडला तर ते लगेच काढून टाका.

आता एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळरेषा. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे २१५ नॅनोमीटरला ब्लँकमध्येही (नमुना न घालता केलेल्या चाचणीतही) पीक यायचे, दोन दिवस आम्ही कॉलमला (घटक वेगळे करणाऱ्या नळीला) दोष दिला, धुतला, बदलला, फरक शून्य. मग टीएफएची बाटली उचलून बघितली तर झाकणाच्या आत पिवळट थर, उघडून कित्येक महिने झालेले! १ मिलीचं नवं अँप्यूल फोडून लिटरभर मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) बनवली आणि ब्लँक एकदम साफ. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, लहान पॅकच घ्यावा. ग्रेडियंटमध्ये, म्हणजे द्रवांचं प्रमाण हळूहळू बदलत नेताना, थोडी बेसलाइन चढतेच कारण टीएफए स्वतः यूव्ही शोषतं, मग पाण्यात ०.१ टक्का आणि अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ०.०८५ च्या आसपास ठेवून बघा. आणि डीगॅस (द्रवातली विरघळलेली हवा काढणं) आधी करा, टीएफए नंतर घाला, नाहीतर ते उडतं आणि रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायची वेळ) सरकतो. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेकला मात्र फॉर्मिक अ‍ॅसिडच बरं, टीएफए सिग्नल दाबतं.

रोटावॅपवर (कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) टीएफएतलं पाणी सुटत नाही म्हणून तासभर ताटकळू नका, पाण्यासोबत ह्याचं अ‍ॅझिओट्रोप, म्हणजे उकळून वेगळं न होणारं मिश्रण, होतं, साधारण २० टक्के पाणी धरून १०५ अंशाला उकळणारं.

बनवतात कसं तर अ‍ॅसिटाइल क्लोराइड हायड्रोफ्लुरिक अ‍ॅसिडमध्ये घेऊन वीज सोडतात, ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटाइल फ्लोराइड मिळतं, ते पाण्याने फोडायचं. ह्यावरून काही जण टीएफएलाच काच खाणारं हायड्रोफ्लुरिक समजून काच वापरायला घाबरतात. टीएफएमधला कार्बन-फ्लोरिन बंध फार घट्ट असतो, काचेचं भांडं बिनधास्त वापरा, चटका मात्र जबरदस्त बसतो.

शेवटचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय. सोडा टाकला, फेस थांबला, पीएच ७ आला की सिंकमध्ये ओतू नका. ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटेट तसंच राहतं, निसर्गात ते सहजासहजी तुटत नाही. वेगळ्या वेस्ट कॅनमध्ये भरा, लेबल लावा, विश्वामित्री नदीत जाऊ देऊ नका.