थ्रिलर शॉर्टफिल्मचे कपडे: काळी हूडी सोडून बाकी काहीही

कॉलेजची थ्रिलर म्हटली की खुनी काळ्या हूडीतच येतो आणि पहिल्या मिनिटाला अख्ख्या हॉलला कळतं की हाच तो. कृपया नको. कपड्यांवरून माणूस कळला पाहिजे, गुन्हेगार नाही.

खरेदीला पळायच्या आधी स्क्रिप्ट घेऊन बसा आणि प्रत्येक कॅरेक्टरपुढे दोनच गोष्टी लिहा, हा लोकांना काय भासवतोय आणि काय लपवतोय. भासवतोय ते अख्ख्या ड्रेसमध्ये येऊ द्या, लपवतोय ते एकाच बारीकशा जागी. समजा आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला वॉचमन आहे, म्हणतो रात्रभर गेटवरच होतो साहेब. युनिफॉर्म नीट द्या, पण बाहीवरची इस्त्रीची घडी कडक ठेवा. रात्रभर खुर्चीत बसलेल्याच्या शर्टाला पाठीवर, कोपरात चुण्या पडतात, याच्या शर्टाला एक पण नाही. यावर डायलॉग नको, कॅमेरा एकदा बाहीवरून जाऊ द्या, बास. परत दाखवलंत तर पब्लिकला बोट धरून नेल्यासारखं होतं.

किंवा बटण घ्या. पांढऱ्या शर्टाला चार बटणं पांढऱ्या दोऱ्याने आणि एक काळ्याने, घाईत टाचलेलं, मागे दोऱ्याची गाठ लोंबतेय. एरवी टापटीप राहणाऱ्या माणसाच्या अंगावर ते एक बटण खूप बोलतं. गबाळ्या माणसावर काहीच बोलत नाही, म्हणून आधी त्याचा टापटीपपणा एक-दोन सीन दिसू द्या.

कपडे शक्यतो घरातलेच, मित्राच्या बाबांचे जुने शर्ट वगैरे. नाहीतर गोदाकाठचा बुधवारचा बाजार किंवा मेन रोड आहेच. नवीन घेतलंत तर दोन-तीनदा धुवा, कॉलर आणि खिशाची कड पॉलिश पेपरने हलकी घासा, नाहीतर गरीब कॅरेक्टर शोरूममधून आल्यासारखं दिसतं. आणि बजेट नाही म्हणून रडू नका, आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, तर त्यांनी अण्णा साळुंकेंना साडी नेसवून उभं केलं होतं.

आता रात्रीचं शूट, कारण थ्रिलर म्हणजे घाटावर एक सीन ठरलेलाच. पिवळ्या सोडियम दिव्याखाली रंगांवर विश्वास ठेवू नका, निळा काळपट होतो, लाल तपकिरीकडे जातो, म्हणजे "लाल ओढणीवाली" हा क्लू तिथे गेला. आकार चालतो, मफलर, कानटोपी, एका खांद्यावरची सॅक. पूर्ण काळे कपडे अंधारात गायब होतात आणि नुसतं मुंडकं तरंगतं, त्यापेक्षा राखाडी किंवा मरून घ्या. बारीक चेक्स आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरींसारख्या नाचतात, ते कितीही भारी वाटलं तरी टाळा. आधी त्याच जागी, त्याच वेळेला मोबाईलवर टेस्ट शॉट घ्या.

रक्ताचा सीन असेल तर सेम शर्ट दोन तरी हवेत, एकच असेल तर तो सीन सगळ्यात शेवटी, नकली रक्तातल्या खायच्या रंगाचे डाग सहजी निघत नाहीत. प्रत्येक सीननंतर कपडे उतरवायच्या आधी पुढून-मागून फोटो काढा, बाही किती दुमडली, वरचं बटण उघडं की बंद, सगळं दिसेल असा. कॉलर माइक लावणार असाल तर नायलॉनचं जॅकेट घालू नका, हात हलवला की सरसर आवाज रेकॉर्ड होतो आणि एडिटिंगला बसणारा तुमच्या नावाने बोटं मोडतो.