मूल आजारी पडलं की आधी काय मोजायचं

लहान मुलांच्या इमर्जन्सी विभागात मी चौदा वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. रात्री कुणी मुलाला छातीशी धरून धावत आत आलं की मी तीन गोष्टी विचारते: वजन किती, त्रास कधी सुरू झाला, घरी काय आणि किती दिलं. बहुतेक आईवडील गोंधळतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, घाबरलेल्या माणसाला काय आठवणार? पण हे आधीपासून ठाऊक असेल तर आमची पहिली मोलाची मिनिटं वाचतात. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

सुरुवात वजनापासून, आणि तीही मूल ठणठणीत असताना. मुलांची बहुतेक औषधं किलोवर ठरतात. सलाईन किलोमागे किती मिली, झटका थांबवायचं औषध किलोमागे किती मिलीग्रॅम, अगदी हृदयाला विजेचा शॉक द्यायची वेळ आली तरी तो किलोमागे २ ते ४ ज्यूल. वजन कळलं नाही की आम्ही मुलाशेजारी एक रंगीत पट्टी अंथरतो. डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी ज्या रंगात येईल त्यावरून वजनाचा अंदाज बांधायचा. जेम्स ब्रोसलो या अमेरिकी डॉक्टरांनी ही पट्टी काढली आणि तिने आम्हाला कितीदा तरी तारलं आहे, पण शेवटी तो अंदाजच. तुम्ही दर महिन्याला मुलाचं वजन करून मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. काट्यावर ते स्थिर उभं राहत नसेल तर त्याला कडेवर घेऊन उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

आता श्वास. माझ्या मते घरी शिकून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, छाती आणि पोट दोन्ही उघडं ठेवा, मोबाइलवर एक मिनिटाचं घड्याळ लावा आणि पोट वर आलं की एक, असं मोजत जा. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, कारण लहान बाळं चार श्वास भराभर घेतात, मग जरा थांबतात, आणि गुणाकार फसतो. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडाही धरू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर श्वास जलद आहे आणि डॉक्टरांना आजच दाखवायचं. न्यूमोनिया ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांना शिकवलेले हेच आकडे आहेत.

मोजता मोजता बघाही. बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, प्रत्येक श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येतोय का. ते कण्हणं म्हणजे हट्ट नव्हे, किरकिरही नव्हे. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून मूल गळा अर्धवट आवळून हवा कोंडून धरत असतं. हा आवाज ऐकला की मोजणं सोडा आणि निघा. ओठ निळे-काळे पडले, मूल हाकेला ओ देईना किंवा श्वासच थांबला, तर अर्थातच मोजत बसायचं नाही. मोठ्याने मदतीला हाक मारा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, आणि श्वास बंद असेल तर ती येईपर्यंत छातीवर दाब आणि तोंडाने श्वास द्या. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या एक तृतीयांश. हे वाचून येत नाही, एकदा बाहुलीवर हाताने करून शिका.

एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आठ महिन्यांचं बाळ. संध्याकाळी त्याला धाप लागली होती, पोट भराभर उडत होतं. आई म्हणाली, “सिस्टर, आता बरं वाटतंय त्याला, शांत झोपलाय.” मी दुपटं बाजूला केलं. श्वास खरंच संथ झाला होता, पण ओठ पाटीच्या रंगाचे, मान सैल, आणि पायाला चिमटा काढला तर पाय नुसता जरासा हलला. ते झोपलेलं नव्हतं, दमलं होतं. मी घंटा दाबली, सगळे धावत आले, आणि ते बाळ वाचलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते: दम लागलेलं मूल शांत झालं तर त्याला उठवून बघा. तुमच्याकडे बघतं का? नेहमीच्या जोराने रडतं का? दूध ओढतं का? मग श्वास पुन्हा मोजा. खरंच बरं झालेलं मूल आकड्याबरोबर नजरेतही दिसतं.

तापातल्या झटक्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या घरात झाला. मुलगा दीड वर्षाचा होता. एकाएकी डोळे वर गेले, हातपाय ताठले, मग थरथरू लागले. मी रोज हेच बघणारी बाई, तरी मला वाटलं पंधरा मिनिटं झाली. सासूबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. त्या म्हणाल्या, “अगं, दोनच मिनिटं झाली.” झटक्यात वेळ लांबतोच, माझ्यासारखीलाही लांबतो, म्हणून अंदाज करू नका, घड्याळ लावा. पाच मिनिटं ही सीमा. बहुतेक झटके त्याआधी आपोआप थांबतात. पाच मिनिटांनंतरही चालू असेल तर औषधाशिवाय थांबण्याची शक्यता कमी होत जाते. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच बोलवायची.

तोवर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल. गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा. तोंडात चमचा नको, बोट नको, पाणी नको, औषध नको. जीभ गिळली जात नाही, पण चमच्याने दात मात्र तुटतात. हातपाय दाबून धरू नका. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. थरथर दोन्ही बाजूंना होती की एकाच, हे आम्हाला त्यातून क्षणात कळतं.

६ महिने ते ५ वर्षं या वयात शंभरातल्या २ ते ५ मुलांना तापात असा झटका येतो आणि साधा असेल तर मेंदूला त्याने इजा होत नाही. तरी पहिला झटका डॉक्टरांना दाखवायचाच. एकाच बाजूला झाला, २४ तासांत पुन्हा आला, मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे, मान ताठ वाटते, किंवा नंतर मूल नीट शुद्धीवर येत नाही, तर थेट इमर्जन्सी गाठा. आणि तापाचं औषध वेळेवर दिल्याने झटका टळतो असं नाही. “मी डोस चुकवला म्हणून झालं” असं म्हणत रडणाऱ्या किती आया मी बघितल्या आहेत. तुमच्यामुळे झालेलं नाही ते.

औषध द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. घोळ होतो तो बाटलीत. थेंबांच्या औषधात एका मिलीत १०० मिलीग्रॅम असू शकतं, आणि सिरपच्या ५ मिलीत १२०. म्हणजे थेंब चौपटीहून जास्त तीव्र. दहा किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम हवं असताना थेंब पाच मिली दिले तर पोटात ५०० जातात. हे मी प्रत्यक्ष बघितलं आहे. म्हणून मात्रा नेहमी मिलीग्रॅममध्ये धरा, बाटलीवरचं वाचा, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, वेळ लिहा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही याच हिशेबात धरायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर मात्र घरी काही देऊ नका, सरळ घेऊन या.

जुलाब-उलट्यांत लघवी मोजा. सहा-आठ तास लंगोट कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, तर उशीर करू नका. ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन मिनिटांनी ५ मिली द्या. एवढंसं वाटतं, पण तासाला ते १५० मिली होतं.

घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर डोकं खाली झुकवून पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने ५ थापा. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यानंतर छातीवर ५ दाब, मोठ्या मुलाला बेंबीच्या वर पोटावर ५ दाब, आणि पुन्हा थापा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. शुद्ध हरपली तर वर सांगितलेले दाब आणि श्वास.

बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी निघा. अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. कुठलंही विषारी औषध पोटात गेलं असेल तर उलटी काढू नका, बाटली बरोबर आणा.

मध्यंतरी एक बाबा आले, तळहातावर पेनाने लिहिलेलं वाचत: “वजन ९ किलो ४००, ताप काल रात्रीपासून, साडेनऊला पॅरासिटामॉल १४० मिलीग्रॅम, झटका पावणेदहाला, दोन मिनिटं दहा सेकंद, दोन्ही बाजूंना, शेवटची लघवी सातला.” त्यांचं वाचून होईपर्यंत माझा कागद भरला होता आणि डॉक्टर मुलाजवळ पोहोचले होते.